चार ते साडेचार

महिपती सात वर्षांचा असताना त्याने जिन्यावर चपलांची कर्र कर्र ऐकली, तेव्हा आई म्हणाली होती, "भिऊ नको, साडेचार ते पाच आलाय." त्या गावात वेळ अर्ध्या अर्ध्या तासाने पायी येते. अर्धे तास एकूण अठ्ठेचाळीस, आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली. एकच अर्धा तास एकाच वेळी सगळ्या घरांत कसा जातो, असं तिथे कुणी विचारत नाही. नळाचं पाणीही सगळ्या घरांत एकदमच येतं. घड्याळाचा मोठा काटा ज्यांच्या पाळीत वर चढतो, त्यांच्या पायात करकरीत चपला असतात. ज्यांच्या पाळीत तो खाली उतरतो ते अनवाणी येतात, मान खाली घालून, आणि त्यांची चाहूल लागत नाही.

महिपतीची शाळा तिसरीत सुटली. पुढे अडतीस वर्षं त्याने बाजारातल्या मनोऱ्याच्या घड्याळाला किल्ली दिली. त्यामुळे अठ्ठेचाळीसही जण त्याच्या ओळखीचे होते, आणि गावात कुणाकडे कार्य निघालं की दिवसाची आखणी करायला त्यालाच बोलावणं यायचं. यंदा बोलावणं आलं ते शेन डॉक्टरांकडून. हे चिनी घराणं तीन पिढ्या त्या गावाचे दात काढत आलं होतं. डॉक्टरांची एकुलती एक मुलगी शिऊ, तिचं लग्न होतं. नवरा मुलगा कोलकात्याचा, केनेथ नावाचा. लग्नाच्या दिवशीच संध्याकाळी सहाच्या गाडीने ती सासरी जाणार होती.

"काका, अट एकच," डॉक्टर म्हणाले. "सगळं चढत्या काट्यावर पाहिजे. आमच्यात उतरत्या काट्यावर शुभकार्य होत नाही."

"आमच्यात राहुकाळ टाळतात, तसंच," महिपती म्हणाला आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहू लागला. त्याचं अक्षर मोठं होतं आणि तो लिहिताना ओठ हलवत असे. साडेसात ते आठ, नवरदेव दारात येणार, मैत्रिणी दार अडवणार, आणि आंबट, गोड, कडू, तिखट असं सगळं खाल्ल्याशिवाय त्याला आत सोडणार नाहीत.

"कडू काय ठेवायचं?"

"कारलं," शिऊ म्हणाली. "कच्चं."

"अगं, जावई आहे तो."

"म्हणून तर कच्चं."

साडेनऊ ते दहा, चहा. नवरानवरीने गुडघ्यांवर बसायचं आणि घरातल्या एकेका वडीलधाऱ्याला दोन्ही हातांनी चहाचा कप द्यायचा. त्यांनी तो दोन्ही हातांनी घ्यायचा, प्यायचा आणि कप परत द्यायचा. लग्न म्हणजे त्यांच्यात मुख्य हेच. साडेअकरा ते बारा, जेवणाची पंगत.

"आणि आईचा चहा?" शिऊने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. तिची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. "फोटोपुढे ठेवू एक कप. त्याच अर्ध्या तासात."

लग्नाची अक्षत द्यायला म्हणून साडेनऊ ते दहा आणि साडेअकरा ते बारा या दोघांना घरी बोलावलं होतं. पहिला गुबगुबीत, परीटघडीचा, खिशाला पेन लावलेला होता. त्याने पान दोनदा वाचलं आणि परत केलं.

"बाकी ठीक. आईंचा चहा माझ्याकडे नाही."

"एक कप तर ठेवायचाय हो," महिपती म्हणाला.

"ठेवा की. थंड होईल. त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. जिवंत माणसांचा चहा माझ्याकडे. गेलेल्यांचा चहा ज्याच्या पाळीत ते गेले त्याच्याकडे. गेल्यानंतरच्या त्यांना मी ओळखत नाही, हात कसा लावू?"

साडेअकरा ते बाराही हेच बोलला, पेढा खाल्ला आणि गेला.

"मग या कुणाच्या पाळीत गेल्या?" महिपतीने हळूच विचारलं.

शिऊ म्हणाली, "चार ते साडेचार. चार वाजून दहा मिनिटांनी. आणि बाबांनी त्याला त्याच मिनिटाला दंडाला धरून घराबाहेर काढलं."

तेव्हापासून त्या घरात चारनंतर एकदम साडेचार वाजत. चारला दात काढायला बसलेल्या माणसाचं दुखायचं राहून जाई, आणि गावात बोलबाला होता की डॉक्टरांचा हात फार हलका आहे.

"तो या घरात पाऊल टाकणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उतरता काटा आहे तो. त्याच्याच पाळीत ती गेली."

"मग मीही सहाच्या गाडीत पाऊल टाकणार नाही," शिऊ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आईला चहा न देता मी या घरातून निघायची नाही बाबा. केनेथला तसं कळवा."

महिपती उठला. बाहेर चार वाजले होते. चार ते साडेचारला शोधायला मनोऱ्यामागच्या गल्लीत जावं लागेल, असं त्याला वाटलं होतं. पण दवाखान्याची पायरी उतरतो तोच तो थांबला. बाहेरच्या बाकावर, पेशंट बसतात तिथे, कडेला एक किरकोळ माणूस अनवाणी बसला होता. लोक त्याला त्या बाकावर रोज बघत; महिपती चारला मनोऱ्यावर असे, त्यामुळे त्याला हे माहीत नव्हतं. दाढदुखीचा जुना पेशंट असेल, असं साऱ्या गावाला वाटत होतं. त्याच्या हातात नंबराचा पितळी बिल्ला होता. चौदा.

"तुम्ही इथे?"

"पाळी आहे," तो म्हणाला. "रोज येतो."

"अकरा वर्षं?"

"कंपाउंडरबाईंनी पहिल्याच दिवशी बिल्ला दिला. नंबर आला नाही अजून."

महिपती त्याच्या शेजारी बसला आणि त्याने येण्याचं कारण सांगितलं. मागे दारात डॉक्टर येऊन उभे राहिले होते.

"येईन," चार ते साडेचार म्हणाला. "पण या घराचा वेळ माझ्याकडे पडून आहे, तो आधी द्यावा लागेल."

"अकरा वर्षांचे अर्धे तास?" डॉक्टर किंचाळलेच. "काका, ऐकताय ना? लग्नाच्या दिवशी तीन महिने चारच वाजलेले राहतील! पाहुणे, गाडी..."

"तेवढा नाही. न घेतलेला अर्धा तास त्याच रात्री बुडतो. सुरू झालेला मात्र बुडत नाही. एक सुरू झाला होता. त्याची वीस मिनिटं बाकी आहेत."

"कुठल्या दिवसाची?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"त्याच दिवसाची."

डॉक्टर बाकावर बसले. आपल्याच दवाखान्याच्या बाकावर ते पहिल्यांदाच बसले असतील. तिघेही आता रस्त्याकडे तोंड करून एका रांगेत बसले होते.

"तिने चहा मागितला होता," डॉक्टर अखेर म्हणाले. "मी म्हटलं, थांब, एवढा दात होऊ दे. अक्कलदाढ होती. निघता निघेना. कप घेऊन गेलो तेव्हा मान कलली होती. काका, उतरत्या काट्यावर चालेल का हो?"

"त्या बसलेल्या उतरत्या काट्यावरच आहेत डॉक्टर," महिपती म्हणाला. "त्यांना चढायला कसं सांगणार? आपणच खाली जायचं."

डॉक्टरांनी हात पुढे केला आणि चार ते साडेचारच्या हातातला बिल्ला काढून घेतला. त्या दवाखान्यात बिल्ला घेतला की माणसाचा नंबर लागला, असं समजतात.

लग्नाचा दिवस कागदाबरहुकूम पार पडला. केनेथने चिंच खाल्ली, गूळ खाल्ला, मिरची खाल्ली, आणि कच्चं कारलं चावताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साडेनऊ ते दहा एकही थेंब न सांडता चहा पाजून गेला. बारापर्यंत पंगत उठली. चारला डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं, आणि चार ते साडेचार अनवाणी आत आला. पहिली दहा मिनिटं त्या घराला मागेच मिळून चुकली होती. त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ चारवरून एकदम चार-दहावर गेलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत शिऊची आई होती. मान उजव्या खांद्यावर कललेली, एका पायातली चप्पल निसटलेली.

केनेथच्या मावशीच्या हातातला लाडू खाली पडला. कुणी तो उचलला नाही. बायका भिंतीला टेकल्या.

"या कोण?" मावशीने महिपतीला विचारलं.

"मुलीची आई."

"त्या वारल्यात ना?"

"हो. आत्ताच."

मावशीने तोंडाला पदर लावला. शिऊ हातात कप घेऊन जागीच उभी होती. अकरा वर्षांपूर्वी ती चौदा वर्षांची होती आणि हे सारं तिने दाराच्या फटीतून बघितलं होतं. महिपतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "बाळ, वीसच मिनिटं आहेत," तो म्हणाला. "चहा गरम आहे."

ती पुढे झाली, गुडघ्यांवर बसली. केनेथही तिच्या शेजारी बसला. "आई, चहा," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी कप पुढे धरला.

कप तसाच राहिला. कपातून वाफ येत होती. शिऊचे हात अवघडले तरी तिने ते खाली घेतले नाहीत. मग डॉक्टर पुढे आले. त्यांनी आधी खाली बसून ती निसटलेली चप्पल बायकोच्या पायात घातली. मग तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "अजून कोमट आहेत," ते कुणाला तरी म्हणाले. ते हात त्यांनी कपाभोवती नेले, त्यांवर आपले हात ठेवले आणि कप हळूहळू वर नेला. कप ओठांना लागला.

उरलेला वेळ ते तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. एकदाच म्हणाले, "उशीर झाला मला." शिऊने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं, आणि जन्मभर घड्याळाशिवाय काही न बघितलेला महिपतीही बघत नव्हता.

मग खुर्ची रिकामी होती. कप शिऊच्या हातात परत आला होता, आणि त्याच्या तळाशी चहात टाकलेले दोन लाल खजूर तेवढे उरले होते.

चार ते साडेचार इतका वेळ दाराशी उभा होता. डॉक्टर उठून त्याच्याकडे गेले. खिशात चौदा नंबरचा बिल्ला होता, तो त्यांच्या हाताला लागला, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही. "उद्या सरळ आत..." ते म्हणत होते, इतक्यात त्याची पाळी संपली.

बाहेर पायऱ्यांवर करकरीत चपला वाजल्या. साडेचार ते पाच वर येत होता. चार ते साडेचारने अंग चोरून त्याला वाट दिली, आणि अनवाणी, बाजाराच्या दिशेने निघून गेला.