पाच सेकंदांची तक्रार

गजभिये काकांच्या घरी एक तासाचा कार्यक्रम बघायला अडीच तास लागतात. रिमोट त्यांच्या हातात असतो आणि पडद्यावरच्या कोणाचंही वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही असा त्यांचा नेम आहे. ते कार्यक्रम थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "आता हे पहा. हे माझं मत नाही. हे बरोबर आहे."

काका अमेरिकेतल्या शॉमबर्गमधले माझे शेजारी. मूळचे नागपूरचे, पेशानं इंजिनिअर. लग्न झाल्या झाल्या चार वर्षं इंग्लंडला होते, मग कायमचे इकडे आले. आता रिटायर्ड आहेत. ताराकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला असते. ती दर वर्षी म्हणते, "बाबा, इकडे मूव्ह व्हा," आणि काका सांगतात, "तिकडे आपला चॅनल लागत नाही."

आपला चॅनल म्हणजे इथलं एक स्थानिक चॅनल. दर रविवारी दुपारी ते जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकांच्या आठवणींचा कार्यक्रम दाखवतं. मालिकेतली जराशी मूळ दृश्यं, आणि मधेमधे सोफ्यावर बसून ती दृश्यं किती थोर आहेत हे सांगणारी माणसं. या सोफ्यावरच्या माणसांवर काकांचा भारी दात आहे.

"आधी जोक दाखवते. मग हा माणूस तोच जोक समजावून सांगते. मग म्हणते, आम्ही किती हसलो होतो. अरे, तू कधी हसला? तू तर जन्मलाही नव्हता."

मी पुण्याची, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाबद्दल मला उपजत आदर आहे. शिवाय काका चहा उत्तम करतात. म्हणून मी रविवारी जाते.

कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांची मतं मागवतात. लोक बिचारे 'फार आवडलं, बालपण आठवलं' असं दोन ओळींत कळवत असतील. काका सोमवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ईमेल लिहायला बसतात. अकरा-बारा मुद्दे सहज होतात. निवेदक फार बोलतो. पार्श्वसंगीत कशाला? अमुक दृश्य तिसऱ्या भागातलं आहे, तुम्ही पाचव्या भागातलं म्हणालात. चॅनलकडून 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे' असं ठरावीक उत्तर येतं. एकदा काकांनी त्या उत्तरालाही उत्तर पाठवलं: 'मोलाचं असेल तर अंमलात आणा.'

सगळ्या ईमेलांचा शेवटचा मुद्दा मात्र एकच. छत्र्यांच्या दुकानावरची एक जुनी मालिका होती. तिच्यात दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, "साहेब, ही छत्री जन्मभर टिकेल. फक्त पावसात नेऊ नका." प्रेक्षक हसतात, आणि हशा ओसरायच्या आत चॅनल दृश्य कापून सोफ्यावर जातं. काकांची मागणी अशी, की हे दृश्य आणखी पाच सेकंद दाखवावं. त्या मालिकेच्या डिस्क त्यांनी मागवून पाहिल्या होत्या. त्यांत नेमका हा भाग नव्हता.

एका रविवारी त्यांनी ते दृश्य मला सहाव्यांदा मागे नेऊन दाखवलं. घरी कपड्यांचा डोंगर पडला होता. मी वैतागून म्हटलं, "काका, असं काय आहे हो त्या पाच सेकंदांत? विनोद तर संपला ना?"

"तारा आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी टीव्ही बंद केला, जो मी कधी बंद झालेला पाहिला नव्हता, आणि सांगितलं. लग्नानंतर सहा महिन्यांनी त्यांना त्या मालिकेच्या रेकॉर्डिंगचे पास मिळाले. प्रेक्षकांत दोघं जाऊन बसले. काकूंना तेव्हा इंग्रजी फारसं कळत नसे, म्हणून काका प्रत्येक विनोद त्यांच्या कानात मराठीत सांगत होते. छत्रीच्या विनोदाला सगळं सभागृह हसलं, शांत झालं. तोवर काकांचं भाषांतर पूर्ण झालं, आणि मग काकू हसल्या. एकट्या. तो नट बोलायचा थांबला आणि हसू संपेपर्यंत वाट बघत उभा राहिला. काकूंनी शालीत तोंड लपवलं. मालिकेत मात्र ते हसू तसंच ठेवलं गेलं.

"जन्मभर म्हणाली, ती मी नव्हतीच, मी अशी हसतच नाही. घरातले व्हिडिओ काढून पहा. सगळीकडे एकच, मला नका घेऊ, मला नका घेऊ. हसण्याचा एक व्हिडिओ नाही." काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "आता मलाच आठवत नाही बरोबर. चेहरा आठवते. आवाज येत नाही."

मी कप उचलून सिंकमध्ये विसळत बसले आणि रडले. पुढच्या सोमवारी त्यांच्या ईमेलच्या जोडीला मी माझाही एक पाठवला. बारा मुद्दे नाहीत, एकच.

मागच्या रविवारी निवेदकानं सांगितलं, की शॉमबर्गच्या एका चिकाटीच्या प्रेक्षकाच्या आग्रहाखातर आज एक दृश्य न कापता दाखवत आहोत. काकांनी रिमोट माझ्याकडे दिला.

दुकानदारानं छत्री उघडली, मिटली आणि आपलं वाक्य म्हटलं. सभागृह हसलं. काका खुर्चीतून पुढे झुकले आणि टीव्हीकडे तोंड करून हलक्या आवाजात म्हणाले, "तारा, तो म्हणते, छत्री जन्मभर टिकते. फक्त पावसात नेऊ नका."

हशा ओसरला होता. त्या शांततेत एक तरुण बाई एकटीच, अगदी मोकळ्या गळ्यानं हसली.