निनावी यंत्र आणि ओले मोजे

"सर्व्हर मी निवडणार! त्यात कोणी नाक खुपसायचं नाही!" हेडक्लार्क साहेबांनी जाहीर केलं. घरात खुपसण्याजोगं दुसरं नाक फक्त बायकोचं असल्यामुळे वाक्य बरोबर ठिकाणी पोचलं.

कारण मात्र मनापासूनचं होतं. मागच्या वर्षी साहेबांची मेहुणी, पेशानं बातमीदार, दूरच्या शहरातल्या गोंधळात अडकली होती. फोनवर पाळत, नेहमीच्या वाटा बंद. घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. मग एके सकाळी निरोप आला : 'सुखरूप आहे. ताईला सांगा, जेवले.' कोणी पाठवला, कुठून पाठवला याचा माग लागू न देता तो एका निनावी जाळ्यातून, अनोळखी लोकांच्या मशीनवरून हातोहात सरकत आला होता.

आता या लोकांचे आभार मानायचे कसे? नावंच ठाऊक नाहीत! तेव्हा साहेबांनी ठरवलं, आपणही घरी तसंच मशीन, म्हणजे सर्व्हर, लावायचं. परक्यांचे निरोप पुढे ढकलायचे, आणि तेही धो धो! जाडजूड इंटरनेटची लाइनसुद्धा घेऊन झाली. रविवारी मेहुणी जेवायला येईल, तेव्हा तिला सगळं चालू दाखवायचं.

"काम कसलं आहे?" जुन्या मशीनच्या दुकानदारानं विचारलं.

"आभार मानायचेत!"

दुकानदारानं सरळ गोदाम उघडलं. साहेबांनी मशीन निवडलं ते ऑफिसच्या अनुभवावर. जितकी डोकी जास्त, तितकं काम जास्त! ज्यात सर्वांत जास्त कोअर, म्हणजे चिपमधली डोकी, ते मशीन त्यांनी उचललं. म्हणजे हमालांनी उचललं.

रविवारी सकाळी बटण दाबलं आणि बैठकीच्या खोलीत विमान उतरलं! मशीनमधले पंखे असे किंचाळले की भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं.

"अहो, हे गुपचूप काम करणारं यंत्र ना?" बायको ओरडली.

"काय?"

"गुपचूप!!"

तासाभरात इमारतीचे सेक्रेटरी दारात. "संध्याकाळपर्यंत हे बंद झालं नाही, तर मी मेन स्विच काढीन!"

ते फणफणत वळले, पण वळताना त्यांना मशीनच्या पाठीमागे दोरी दिसली. बायकोनं तिथे ओले मोजे टांगले होते. भर पावसाळ्यात गरम वारा फुकट जातोय म्हणून! सेक्रेटरींनी एक मोजा चाचपला. कडकडीत वाळलेला. मोजा सोडून ते झपाझप जिना उतरले.

दुपारी मेहुणी आली. मोज्यांखालून वाकून तिनं स्क्रीनवर नजर टाकली.

"भाऊजी, निरोप तर गोगलगाईसारखे सरकताहेत."

"अशक्य! इतके कोअर आहेत!"

"आहेत, पण निरोप पुढे ढकलायचं बहुतेक ओझं एकाच कोअरवर पडतं. हा बघा, बिचारा मान मोडून राबतोय. बाकीचे घोरताहेत."

"अय्या, अगदी तुमचं ऑफिस!" बायको म्हणाली.

साहेबांना ते लागलं, कारण पटलं. "मग हवं तरी काय?"

"एकच हवा, पण चपळ. आणि निरोप कुलूपबंद करायची कला चिपमध्येच असलेला. ताई, तुझ्या शिकवणीचा तो छोटा कॉम्प्युटर कुठाय?"

तो कुंडीखाली होता. 'डबा' म्हणून साहेबांनीच त्याला तिथे नेमलं होतं!

मोठं मशीन बंद केलं, डब्यावरची माती पुसली, वायर जोडली. आवाज शून्य. स्क्रीनवरची वेगाची रेघ मात्र सुसाट वर चढू लागली. मेहुणीनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"यातला एखादा निरोप कोणाच्या तरी ताईला पोचत असेल ना, भाऊजी?"

"असेल. आपल्याला कळायचं नाही."

"माझा कोणामुळे पोचला, ते मला तरी कुठे कळलं?" ती हळूच म्हणाली. बायकोनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. साहेबांनी चष्मा पुसला. तसा तो स्वच्छच होता.

एवढ्यात बेल वाजली. दारात पुन्हा सेक्रेटरी! हातात ओली पॅंट. मागे जिन्यावर खालपर्यंत ओल्या कपड्यांच्या बादल्यांची रांग.

"साहेब, बंद का केलंत? सुरू करा! अख्खी इमारत तुमची ऋणी राहील हो!"

निनावी उपकाराची निनावी परतफेड करायला निघालेले साहेब त्या विमानाकडे वळले. एकूण हिशेब असा, की त्या रविवारी त्यांचे आभार मानणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मजला आणि पॅंटचं माप त्यांना तोंडपाठ झालं!