हळदीचा दगा आणि कोलेस्टेरॉलाची फत्ते

शके १९०७, क्रोधननाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशी रत्नागिरीच्या महाविद्यालयी जी मोहीम जाहली, तिची हकीकत ऐसी जे: कोलेस्टेरॉल म्हणोन एक स्निग्ध पदार्थ, जिवंत पेशींचे तटबंदीत राहणार, परंतु कोठून शिरतो आणि कोठे मुक्काम करितो, हे कोणाचे दृष्टीस न पडे. मग विलायतेच्या शहाण्यांनी मसलत केली आणि त्याचे अंगास एक चमकता तुकडा बांधिला, जेणेकरून निळा उजेड पडतांच तो हिरवा झळकावा आणि आपला ठाव आपणच सांगावा. ऐसा कोलेस्टेरॉल चिमुकल्या कुपीत, थर्मासातील बर्फावर स्वार होवोन, मुंबईहून एसटीने रत्नागिरीस दाखल जाहला.

कुपी मागविली ती वज्रचुडेमंडित दमयंतीबाई, प्राणिशास्त्राच्या अध्यापिका, यांनी. बाईंस पीएचडीचा ध्यास. मुंबईचे गुरुवर्यांनी कुपीसवे निळ्या दिव्याचा सूक्ष्मदर्शक उसना धाडिला आणि बजाविले की, ऐसे काम रत्नागिरीस होणे नाही, तथापि हट्टच असेल तर नवमीस करून पाहावे आणि सायंकाळचे गाडीने यंत्र परत करावे, न साधल्यास विषय मुंबईच्या शिष्यास दिला जाईल. बाईंनी मुद्रा करारी ठेविली.

पेशी पाहिजेत त्या जिवंत, म्हणोन खाडीवरून जिवंत शिंपले विकणारी काशी कालवंवाली हिस पाचारण जाहले. ती टोपली उतरवोन म्हणाली, "बाय गो, कालवांचं रगत काढून काय करतेस? कांदा घाल नि सुक्कं कर!" बाईंनी सुक्कं मागाहून करण्याचे अभय दिले आणि कालवे ताब्यात घेतली.

इकडे प्रयोगशाळेचे किल्लेदार भिकाजी शिपाई, मोठे इमानी, खंडेनवमीस शस्त्र पूजल्यावाचून हात न लावू देणार. त्यांनी पहाटेच येवोन तराजू, चिमटे, सुऱ्या आणि मुंबईचे यंत्र यांस झेंडू वाहिले, हळदकुंकू लाविले, आणि काचपट्ट्याही शस्त्रेच म्हणोन एकेकीस हळदीचे बोट लाविले. मग त्या मळक्या दिसू लागल्या, सबब धोतराचे सोग्याने लखलखीत पुसोन डब्यात रचिल्या. खुद्द बाईंसही शंका न यावी ऐसी सफाई!

मग खिडक्यांस घोंगड्या लावोन भर दुपारी अंधार केला, निळा दिवा पेटविला आणि बाईंनी कालवांचे रक्तपेशींस कुपीतील अर्क पाजिला. नेत्र लाविले तो काय, सर्वत्र हिरवा लखलखाट! श्रीमंत प्राचार्यसाहेब बेहद्द खूष जाहले आणि हुकूम सोडिला की पेढे आणावे, वार्ताहर बोलवावा, आणि आपली तसबीर यंत्राशेजारी काढावी.

परंतु या विद्येचा दंडक ऐसा की, अर्क न पाजिलेल्या पेशीही शेजारी पाहाव्या; त्या काळ्या राहिल्या तरच फत्ते खरी. बाईंनी त्या पाहिल्या आणि त्याही हिरव्या झळकल्या. साहेबांचे हातातील पेढा हातातच राहिला. कुपीत उरला होता तो एक शेवटचा थेंब, आणि गाडीची वेळ जवळ येत चाललेली.

बाईंचे डोळे भरले, ते पुसावयास हात उचलिला तो निळ्या उजेडात आपलीच बोटे झळकताना दिसली. मग यंत्र पाहिले, तेही जागोजाग झळके. मग भिकाजींचा सोगा पाहिला, तोही झळके; हळदही निळ्या उजेडात हिरवीच चमकते, हे ध्यानी येतांच सर्व कारस्थान उघडकीस आले.

"भिकाजी, हळद कुठे कुठे लावलीत?"

"लावली सगल्यांनाच, बाई. शस्त्राला हळद नाय लावायची तर नवमी कसली?" ऐसे बोलोन किल्लेदार ओशाळले आणि पुढे हळू आवाजे म्हणाले, "चुकलं माझं. तुमचं वर्सांचं काम बुडवलं मी."

बाईंस राग अनावर होता, परंतु वेळ त्याहून थोडा. सर्वांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, यंत्र स्पिरिटाने पुसिले, कोऱ्या काचपट्ट्यांचा बंद खोका फोडिला. काशीने नवी कालवे फोडोन दिली. शेवटचा थेंब खर्ची पडला. प्रथम अर्काविण पेशी पाहिल्या: मिट्ट काळोख. मग अर्क पाजिलेल्या पाहिल्या. आधी हिरवी कडा उजळली, आणि पाहता पाहता कोलेस्टेरॉल तट ओलांडोन आत उतरला आणि चरबीचे कणांत ठाण मांडोन बसला. बाईंनी लागलीच भिंगास कॅमेरा जोडिला. त्यांनी फोटो घेतले आणि भिकाजींस हाताला धरोन भिंगापाशी उभे केले.

भिकाजी पुष्कळ वेळ पाहात राहिले आणि म्हणाले, "चालतंय की हो ते!"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. प्राचार्यसाहेबांनी तोच पेढा मुखी घातला. यंत्र पेटीत बंद होतेवेळी भिकाजींनी हळदीची वाटी लपविली, ती बाईंनी मागोन घेतली आणि पेटीचे झाकणावर, भिंगापासोन दूर, स्वहस्ते हळदीचे एक बोट उमटविले. पुढे मुंबईहून पृच्छा आली की, पेटीवर पिवळा डाग कसला. बाईंनी फोटो धाडिले आणि मागे लिहिले की, डाग नव्हे, रत्नागिरीचा शिक्का आहे.