लसीची विभागीय चौकशी

आमच्या सोसायटीत कुणाला मूल झालं की आधी पेढे यायचे आणि मग रेडकर काका जबाब घ्यायला यायचे.

जबाब म्हणजे अगदी रीतसर. बगलेत हिरवी फाइल, हातात ताव, दोन तावांच्या मध्ये कार्बन. हल्ली कार्बन पेपर कुठे मिळतो हे भाईंदरमध्ये फक्त काकांना माहीत असावं. बाळ पालथं कधी पडलं, हसलं कधी, कुठल्या तारखेला कुठली लस दिली, नंतर ताप आला का, आणि ताप उतरल्यावर बाळ पूर्वीसारखंच वागत होतं का. शेवटी आपण प्रत्येक पानाखाली सही करायची. कबीर झाला तेव्हा माझाही जबाब झाला. एरवी मला "अगं मानसी" म्हणणारे काका ताव समोर आला की "आपण" म्हणायला लागायचे. "आपण हे कोणाच्या दबावाखाली सांगत नाही ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा कबीर माझ्या खांद्यावर दूध ओकत होता. मी म्हटलं, नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

दत्ताराम रेडकर आमच्या समोरच्या दारात राहतात. एका सरकारी खात्यात त्यांनी तीस वर्षं कर्मचाऱ्यांच्या चौकश्या केल्या. कोण उशिरा आला, कुणी खोटं मेडिकल दिलं, कुणी साहेबांना उलट उत्तर दिलं. निवृत्त होऊन लालबागची खोली विकून ते इथे नवघर रोडला आले, पण चौकशी काही सुटली नाही. लिफ्ट बंद पडली की ते वॉचमनला "घटनाक्रम सांगा" म्हणायचे. लिफ्ट सुरू झाली तरी घटनाक्रम चालूच असायचा.

मग त्यांना मोठं प्रकरण मिळालं. आरोपी होती लस.

त्यांची नात रेवा आता चार वर्षांची आहे. दीड वर्षाची होती तेव्हा आठ-दहा शब्द बोलायची. बाबा, पापी, कावकाव, असे. त्याच सुमाराला तिला गोवराचा दुसरा डोस दिला, आणि पुढच्या काही महिन्यांत ते शब्द एकेक करून गेले. हाक मारली तरी बघेना. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. काकांचा मुलगा दुबईला नोकरीला. घरात काका, सून वैशाली, रेवा आणि काकांची थोरली बहीण आक्का. कुणीतरी फोनवर मजकूर पाठवला की लसीनेच मुलं अशी होतात. त्याच दिवशी काकांनी हिरवी फाइल उघडली.

पण काका कुठल्याही बाजूचे नव्हते, हीच गंमत होती. गॅलरीत त्यांनी प्लास्टिकच्या तीन खुर्च्या मांडल्या होत्या. डावीकडे बसून ते लसीवर आरोप करायचे, उजवीकडे बसून तिचा बचाव करायचे आणि मधल्या खुर्चीत बसून दोघांना गप्प करायचे. आमच्या गॅलरीतून सगळं ऐकू यायचं. डाव्या खुर्चीतले काका म्हणायचे, डोस झाला आणि पोर गप्प झाली, आणखी काय पुरावा पाहिजे. उजव्या खुर्चीतले म्हणायचे, त्याच महिन्यात पोरीला चपला घेतल्या, मग चपलांवर का नाही आरोप ठेवत. मग काका मधे येऊन बसायचे आणि पाणी प्यायचे. तिथे त्यांना जास्त वेळ बसवायचं नाही. उठून गॅलरीभर येरझाऱ्या घालायचे आणि पुन्हा डावीकडे.

साक्षीदारांना तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या हीनाबेनना त्यांनी दोनदा अडवलं, "आपका बयान अधूरा है, हीनाबेन." उत्तनहून मासळी घेऊन येणाऱ्या फिलूबाईंची पाटी खाली उतरवून घेऊन त्यांनी तिचाही जबाब घेतला. ती म्हणाली, "चार पोरं हायत माजी, सगल्यांना सुया दिल्यात. एक पन गप बसत न्हाय." काकांनी हे बचावाच्या बाजूला लावलं आणि वर बोंबीलही घेतले.

हसायला ठीक होतं. पण ज्या बाईला पाच पानांवर सह्या घेऊन विचारलं जातं की लसीनंतर बाळ बदललं का, ती घरी जाऊन विचार करायला लागते. आधी तिच्या मनात नसतंच काही. मग पूजाने मुलीचा नऊ महिन्यांचा गोवराचा डोस पुढे ढकलला. ती बाजूच्या विंगमधली, पहिलटकरीण. मग आणखी एकीने. मग मी.

मी स्वतःला शहाणी समजते. पण कबीरला नववा महिना लागला तशी माझी झोप उडाली. डॉक्टरांची वेळ घेतली आणि सर्दी आहे म्हणून रद्द केली. पुन्हा घेतली, ऑफिसचं कारण काढलं. सर्दी नव्हती आणि त्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती. दिवसभर मी त्याला हाका मारून बघायची. कबीर. कबीर. वळतो का. पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना. सुरुवातीला तो दरवेळी हसून बघायचा. मग रोजच्या तीस हाकांना कंटाळून त्याने बघणं सोडलं, आणि मी घाबरून आणखी हाका मारायला लागले. निखिल, माझा नवरा, एकदा शांतपणे म्हणाला की आता मीच वैतागलोय, तो कशाला वळेल. डॉक्टरबाईंनी दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

दहावा महिना संपत आला तेव्हा पूजाच्या मुलीला गोवर झाला.

आधी ताप, मग डोळे लाल, मग अंगभर पुरळ. चौथ्या दिवशी छाती भरली म्हणून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा मी कबीरला भरवत होते. त्याच आठवड्यात आम्ही दोघी आमची बाळं घेऊन खाली बाकावर एकत्र बसलो होतो. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, उद्या सकाळी घेऊन या म्हणाल्या. ते जास्त लागलं.

मग कबीरला निखिलकडे देऊन मी समोरचं दार वाजवलं.

काका गॅलरीत होते. त्यांना कळलेलं होतं. खुर्च्या बाजूला सारून ते भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरत होते. मी म्हटलं, काका, दोन वर्षं झाली. तुमचा निकाल काय आहे तो आत्ता सांगा.

ते फिरायचे थांबले. फाइल काढून त्यांनी शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: आरोप सिद्ध होत नाही. खाली कारणं. देशोदेशी डॉक्टरांनी मोठमोठ्या पाहण्या केल्या, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत या बाबतीत फरक आढळला नाही. ज्या वयात हा डोस असतो त्याच वयात ही लक्षणं आईबापांच्या लक्षात येतात, सबब एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे. आणि शेवटचं कारण: रेवाच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ. दीड वर्षाच्या डोसाच्या आधीचा. त्यात आठ माणसं टाळ्या वाजवून तिला हाका मारतायत आणि ती एकदाही न वळता वरच्या पंख्याकडे बघतेय.

खाली सही होती. तारीख सव्वा वर्षापूर्वीची.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझा आवाज चढला. म्हणजे सव्वा वर्ष तुम्हाला माहीत होतं. मग माझा जबाब कशाला घेतलात? पूजाचा कशाला घेतलात?

काकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत आक्का वैशालीला काहीतरी सांगत होत्या. आक्का वाईट बाई नाहीत, पण त्यांच्याकडे कारणांची यादी असते. रेवाचं कळलं त्या पहिल्या महिन्यात ती यादी मी दारातून रोज ऐकली होती. वैशालीने पोटुशी असताना पपई खाल्ली. ग्रहणात सुरीने भाजी चिरली. सहाव्या महिन्यात मुलीला पाळणाघरात टाकून कामावर गेली. हातात मोबाइल दिला. वैशालीने नोकरी सोडली, तर आक्का म्हणाल्या, आता सोडून काय उपयोग. मग काकांनी फाइल उघडली आणि ते सगळं बंद झालं. मला वाटायचं, आक्का थकल्या असतील.

काका हळू आवाजात म्हणाले, "लस आरोपी होती तोवर सूनबाई साक्षीदार होती. लसीला सोडलं असतं तर आक्काने विचारलं असतं, मग केलं कुणी? या घरात दुसरं कोण उरतं?"

माझा राग कुठे ठेवावा मला कळेना. मी एवढंच म्हणाले की काका, ती पूजाची मुलगी दवाखान्यात आहे.

"तेच," ते म्हणाले. "एकीला वाचवताना मी बाकीच्यांकडे बघितलंच नाही. हा दोष मात्र सिद्ध आहे."

मग त्यांनी सदऱ्याची बटणं नीट लावली, मला पंच म्हणून हॉलमध्ये बसवलं आणि आक्काला आणि वैशालीला बाहेर बोलावलं. वैशाली ओल्या हातांनीच आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रेवा टेबलाखाली होती. काकांनी उभं राहून पूर्ण निकाल वाचला. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतला आणि काकांना वाटत होतं तोच प्रश्न विचारला. लसीने नाही तर मग कुणी?

"कुणीच नाही," काका म्हणाले. "ती जन्मालाच तशी आली, आक्का. आपल्याला उशिरा कळलं. यात दोषी कुणी नाही आणि यापुढे या घरात तो शोधायचा नाही."

आक्का काही बोलायला गेल्या. काकांनी फक्त नकारार्थी मान हलवली. आयुष्यभर थोरल्या बहिणीपुढे ते असं कधी वागले नसावेत, कारण आक्का उठून देवापाशी जाऊन बसल्या आणि जेवायलाही लवकर आल्या नाहीत. वैशाली मात्र दारातून हलली नाही. ओल्या हातांनीच तिने तोंड झाकलं. तिला सव्वा वर्षापूर्वीचं काही माहीत नव्हतं. मीही त्या दिवशी सांगितलं नाही.

काकांनी त्याच संध्याकाळी ज्यांचे ज्यांचे जबाब घेतले होते त्या प्रत्येकाचं दार वाजवलं. माझी चूक झाली, डोस देऊन टाका, असं प्रत्येक दारात सांगितलं. हीनाबेननी त्यांना आत बसवून पाणी दिलं. एका घरात नवरा खूप बोलला. काका ऐकून घेऊन पुढच्या मजल्यावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर रिक्षात तेही आले. कबीर सुई टोचल्यावर जोरात रडला आणि काकांनी खिशातली किल्ली वाजवून त्याला गप्प करायचा प्रयत्न केला. जमला नाही.

पूजाची मुलगी आठ दिवसांनी बरी होऊन घरी आली. ते आठही दिवस काका दवाखान्याच्या खालच्या बाकावर बसून यायचे, वर जायची हिंमत त्यांना झाली नाही. पूजा त्यांच्याशी अजून बोलत नाही. लिफ्टमध्ये ते असले तर ती जिन्याने जाते. काका म्हणतात, बरोबर आहे तिचं.

वैशालीला मी पुढे एकदा सगळं सांगितलं. सासऱ्यांना ती पप्पा म्हणते. म्हणाली की पप्पांनी मला सांगितलं असतं तर मीच फाइल बंद करा म्हटलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी रेवाला खाली नेण्याचं काम तिने काकांकडे दिलं. त्या आधी ती रेवाला कुणाच्याच हाती सोडत नसे.

काकांना हे काम जमत नव्हतं. रेवाशी काय बोलावं ते त्यांना कळत नसे. ती पुढे, ते चार पावलं मागे, अस्वस्थपणे घड्याळ बघत. परवा मी ऑफिसातून येत होते तर पाण्याचा टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता आणि पंप चालू होता. रेवा पंपाच्या खोलीला चिकटून उभी होती, दोन्ही तळवे भिंतीवर, डोळे मिटलेले. काका तिला चल चल म्हणत होते, कारण मागे दोन मुलं हसत होती. तेव्हा रेवाने डोळे न उघडताच मागे हात केला, काकांचं मनगट धरलं आणि त्यांचा पंजा भिंतीवर आपल्या हाताशेजारी ठेवला.

दुसरा हातही काकांनी आपण होऊन ठेवला. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, "हात लाव. भिंत थरथरतेय. पाणी वर चढताना कळतं."

थोड्या वेळाने पंप बंद झाला. रेवाने हात काढला नाही. काकांनीही काढला नाही.