पाण्याचा कंडक्टर

सन दोन हजार बावीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि माझा शेजारी भर पावसात घळीत उभा राहून पाण्याला शिट्टी मारत होता.

"उतरा, उतरा! लाल माती सगळी हितंच उतरा! म्होरं जागा न्हाय!"

हा म्हादबा. एसटीत कंडक्टर होता. तीस वर्षं त्यानं कोल्हापूर-मालवण मुक्कामाची गाडी केली आणि रिटायर होऊन गावी आला, तो खाकी सदरा आणि शिट्टी घेऊनच. आमची वाडी गगनबावड्याच्या पुढं, घाटाच्या अगदी कडेला. आमच्या रानावर पडलेलं अर्धं पाणी कोल्हापूरकडं जातं आणि अर्धं कड्यावरनं खाली कोकणात. गावाला काळजी कोल्हापूरकडच्या पाण्याची. म्हादबाला खाली पडणाऱ्याची.

त्याचं म्हणणं असं, की पाणी म्हणजे गाडी आणि माती म्हणजे पॅसेंजर. गाडी थेट सोडली की माती पार समुद्रापर्यंत जाते. म्हणून त्यानं घळींमधनं गुडघ्याएवढे दगडी बांध आडवे घातले आणि प्रत्येकाला स्टॉपचं नाव दिलं. वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल. "परत्येक ठिकाणी गाडीनं दोन मिंटं थांबायचं," तो सांगायचा, "माती उतरली की पाण्यानं रिकामं म्होरं जायचं." बांधांच्या कडेनं त्यानं वाळा लावला होता. वाळ्याच्या मुळ्या माती घट्ट धरतात. त्याला तो चेकर म्हणायचा.

कुणी फवारणीचा पंप ओढ्यात धुवायला बसला की हा शिट्टी मारत पळत यायचा. "पावणं, ह्या गाडीत इख न्यायला परवानगी न्हाय!"

लोक विचारायचे, "खाली कुणाचं काय अडलंय रं एवढं?"

"पोवळ्याचं."

"अंगठीतल्या?"

"समुद्रातल्या. दगडागत दिसतंय, पर जित्तं असतंय. अंगावर गाळ बसला की गुदमरून मरतंय."

"आन् आपलंच पाणी थितं जातंय कशावरनं?"

"का? समुद्रात काय तुमच्यागत बांध घातल्यात व्हय, ह्याचं हिकडं आन् त्याचं तिकडं म्हणून?"

लोक हसायचे. मी हसायचो नाही, कारण मी त्याच्याशी बोलतच नव्हतो.

त्याचं कारण सांगतो. चाळिशीत असताना मी सासुरवाडीला निघालो होतो, काखेत कोंबडा घेऊन. गाडी ह्याचीच. कोंबडा सुटला आणि ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन बसला. गाडीत आरडाओरडा झाला, त्यात माझा आवाज जरा जास्त निघाला असेल. ह्यानं घंटी मारून गाडी थांबवली आणि मला म्हणाला, "कोंबडा ऱ्हाऊ दे. त्यो गप बसलाय. तुमी उतरा."

गाडीत सासुरवाडीचे चार लोक होते. मी फाट्यावर उतरलो आणि कोंबडा माझ्या आधी सासऱ्याच्या दारात पोचला. असलं माणूस विसरत नाही. मी तर नाहीच.

तर त्या साली मी माझा उतार जेसीबी लावून उकरला. काजू लावायचा होता. पाऊस लागला आणि माझ्या घळीतनं तांबडा लोंढा सुटला. दोन दिवसांत म्हादबाचे सगळे स्टॉप गाळानं भरून गेले. तो दारात आला.

"अण्णा, तुमच्या घळीत एक बांध घालू द्या. न्हायतर माझं आठ-धा वर्साचं काम गेलं."

"माझ्या रानात तू पाय ठेवायचा न्हाईस."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "अवो, त्यो कोंबडा मरून तीस वर्सं झाली. तुमचा राग अजून आरवतोय!"

पुढं मी लेकीकडं शिवाजी पेठेत दोन दिवस राहून आलो, तर माझ्या घळीत बांध उभा. मांडीएवढा, एकावर एक दगड नीट बसवलेला. मला न विचारता! मी पहार घेतली आणि ढकलून दिला. मागं तुंबलेलं पाणी सगळी माती घेऊन कड्यावरनं खाली गेलं.

म्हादबा पलीकडच्या बांधावर बसला होता. मला वाटलं, आता शिट्टी मारत येईल, शिव्या देईल. मीही तयार होतो. तो बसून बघत राहिला.

मलाच राहवेना. "बोल की आता!"

"अण्णा," तो म्हणाला, "आमाला वर्साला फ्यामिली पास मिळायचा. हिला दरसाली म्हणायचो, चल, दर्या दावतो. ती म्हणायची, म्हस व्यालीया, म्हस आटलीया. माझ्या नोकरीच्या शेवटच्या साली आली. एका होडीवाल्याला सांगून ठेवलतं मी. तळाला काच लावलेली पेटी पाण्यात धरायची आन् खाली बघायचं. मी बघितलतं आधी. जांभळं, पिवळं, झाडागत पोवळं, आन् त्यातनं मासं. म्हटलं हिला एकदा दावायचं. परतीचा पाऊस मोप झालता. हिनं पेटीत डोकं घातलं आन् म्हणाली, 'अवो, ही तर आपल्या रानाची माती.'"

"मग?"

"हसली. 'एवढं लांब आणून मातीच दावली व्हय?' म्हटलं, फुडल्या साली परत येऊ. संक्रांतीच्या आत गेली."

पावसाची सर आली होती. दोघंही जागचे हललो नाही.

मी म्हटलं, "ती तर ऱ्हायली न्हाई, म्हादबा. आता कुणासाठी करतोस?"

"दुसऱ्या कुणाची तरी बायकू येतीच की अण्णा, पास घिऊन."

मी पहार उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीची धार बायकोवर सोडून मी घळीत गेलो. खाली घरंगळलेले दगड एकेक करून वर आणायला लागलो. सात-आठ झाले असतील, तोवर म्हादबा आला आणि माझ्या हद्दीच्या पलीकडंच उभा राहिला.

"ये की हिकडं," मी म्हटलं. "आन् मांडीएवढा नको, कमरंएवढा घालू. माझी घळ तुझ्यापरास मोठी हाय."