बॉनेटवरची सोलं

गाडीच्या बॉनेटवर कोकमाची सोलं वाळत घालायची, ही कल्पना माझी. आणि ती चांगलीच होती, हे मी अजूनही म्हणते. अंगणात घातली की कोंबड्या त्यावर नाचतात, पत्र्यावर चढायला माझे गुडघे तयार नाहीत. (माझं वय सांगत नाही, पण गुडघे माझ्याहून म्हातारे आहेत.) आमची जुनी गाडी मात्र दिवसभर उन्हात उभी. बॉनेट असं तापतं की वर भाकरी भाजावी. जुनं लुगडं पसरलं, त्यावर सोलं. झकास!

आता सोलांना पुटं द्यावी लागतात. म्हणजे वाळली की मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात, आगळात, भिजवायची आणि पुन्हा वाळवायची. दर खेपेला गोळा करून आत न्या, परत बाहेर आणून पसरा, कोणी सांगितलंय? मी आगळाचा टोपच गाडीपाशी नेला आणि डावाने वरूनच सोडला. भरपूर सोडला. हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी सोलं उचलली, आणि गाडी सुरू होईना. ख्यां ख्यां ख्यां करते नि गप्प.

नेमकी उद्या आमच्या वेदिकाची, माझ्या नातीची, लायसनची परीक्षा. याच गाडीवर. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या गंगारामाने, आधीच सांगून ठेवलेलं, "उद्या पास झालीस तर चावी तुझी. नाहीतर परत गाडीचं नाव काढायचं नाही."

गंगाराम लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत होता. पॅकिंग खात्यात. पण घरात काहीही बिघडलं की तो इंजिनियर.

"बॅटरी गेली," तो म्हणाला. दिवे लावले, लख्ख लागले. "मग पेट्रोल." टाकीत पेट्रोल होतं. तेव्हा त्याने वेदिकाकडे बघितलं.

"मी काय केलं, बाबा?"

"क्लच दाबलास."

"क्लच दाबायलाच असतो!"

"एवढा?"

शेवटी महिपतला फोन केला. हा मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो आणि जमलं तर गाड्याही. त्याने एक वायर काढून लोखंडाजवळ धरली. "वेदिका, चावी मार." ख्यां ख्यां. "ठिणगीच नाय," तो म्हणाला. "काका, हिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन. बॅटरीचा करंट कॉईलीत वाढतो, तिथनं या टोपणाखाली येतो, नि इथनं चारी प्लगांना वाटला जातो. एक डबी सांगते, कधी ठिणगी टाकायची. यातलं कायतरी रुसलंय."

मला पटलं. लाकडं आहेत, वारा आहे, काडीच पेटत नाही. एवढ्यासाठी एवढी नावं!

त्याने कॉईल बदलून बघितली. काही नाही. "म्हणजे डबीच गेली. ती कोल्हापूरहून मागवायला लागेल. येईल चार दिवसांनी."

"ऐकलंस?" गंगाराम पोरीला म्हणाला. "संपला विषय."

वेदिका पायरीवर बसली. मांडीवर ती L ची पाटी, त्यातला लाल रंग नखाने खरवडत.

तेवढ्यात महिपतने जाता जाता ते टोपण उघडलं. आत लालभडक, चिकट.

"हा चिखल!" गंगाराम ओरडला. "मातीच्या डबक्यातनं घातलीस गाडी!"

"बाबा, मे महिन्यात डबकं कुठलं?"

"शोधलं असशील!"

तो लाल रंग माझ्या चांगलाच ओळखीचा होता. मी म्हटलं, "दृष्ट लागली असेल रे. काढू का?"

"आये, तू आत जा."

जाणारच होते मी. उंबऱ्यापर्यंत गेलेही. पण पोरीने डोळे पुसले ते दिसलं. मागे फिरले नि म्हटलं, "महिपत, ते जरा चाटून बघ."

"काय?"

"ते लाल. चाट."

त्याने बोट लावलं, जिभेवर ठेवलं. एक डोळा मिटला, खांदे वर गेले. "आजी, हा तर आगळ!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गंगारामचं तोंड उघडंच. "आये, इंजिनात सरबत केलंस?"

"फटीतून गेलं असेल," मी म्हटलं. "बॉनेट तुमचं गळकं, त्याला मी काय करू?"

महिपत हसून खाली बसला. ओल्या मिठातून करंट भलतीकडेच पळत होता म्हणे. त्याने टोपण नि वायरी धुतल्या, पुसल्या आणि विचारलं, "ऊन कुठं चांगलं लागतं?" मी गाडीच्या टपाकडे बोट दाखवलं. कोणी हसलं नाही. वाळलं मात्र खडखडीत!

पहिल्याच चावीला गाडी गुरगुरली.

दुसऱ्या दिवशी वेदिका पास झाली. येताना गाडी तिनेच आणली, गंगाराम शेजारी जीव मुठीत धरून. आल्यावर त्याने चावी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "क्लच बरा दाबतेस."

संध्याकाळी महिपत पेढा खायला आला. मी मोठ्या मनाने आगळाची बाटली पुढे केली. "घे, तुझ्यासाठी."

तो घुटमळला. "आजी, राग मानू नको. पण मी चाखलाय तो. मीठ लय. एवढं नसतं तर करंटही एवढा पळाला नसता." मग हळूच आमच्या सुनेकडे वळला, "शालनकाकी, तुमच्या हातचा असला तर..."

शालन आत गेली आणि फडताळामागून दोन बाटल्या काढून आणल्या. तयार!

"म्हणजे?" मी विचारलं. "घरात सोलकढी कुठल्या आगळाची होते?"

सगळे छपराकडे बघायला लागले. खरं सांगितलं ते वेदिकानेच.

"आईच्या, आजी. पण तुझा वाया जात नाही हां. देवाची तांब्याची भांडी त्यानेच लखलखतात."