आबांची खूण

आबांनी चौथा जेट भिंगाखाली धरला, उलटा केला, सुलटा केला आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर बाकीच्या तिन्हींशेजारी ठेवला. चारही अगदी सारखे दिसत होते. आबांना संशय यायला तेवढं पुरेसं होतं.

आबा एकतीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांच्या राज्यात साधा खिळासुद्धा सही केल्याशिवाय दाराबाहेर पडला नव्हता. निवृत्त झाल्यावर स्टोअर कारखान्यात राहिलं, पण संशय त्यांच्यासोबत घरी आला. शेजारी नुसतं "सहज आलो होतो" म्हणाले, तरी ते गेल्यावर आबा खुर्च्या मोजायचे.

सध्या या संशयाला सुनेच्या गाडीचं इंजिन मिळालं होतं. सून आठवडाभर एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवायची. गेल्या शर्यतीत इंजिन इतकं तापलं, की एका पिस्टनला चक्क भोक पडलं. आता मिस्त्री ते इंजिन नव्याने बांधत होते. पुढच्या शुक्रवारी गाडी तपासणीला उभी राहिली, तर सुनेला मोठ्या शर्यतीत उतरता येणार होतं. नाही राहिली, तर दोन वर्षं वाट पाहून मिळालेली तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

पिस्टनला भोक का पडतं, हे आबांनी मिस्त्रींकडून तीनदा समजून घेतलं होतं. पिस्टनच्या डोक्यावर सतत आग पेटत असते. रिकामा तवा जाळावर ठेवला की जे होतं, तेच त्याचं होतं. म्हणून प्रत्येक पिस्टनच्या खाली करंगळीएवढी वाकडी नळी बसवतात. तिला जेट म्हणायचं. ती पिस्टनच्या पोटावर तेलाची पिचकारी मारत राहते आणि ते तेल उष्णता घेऊन खाली उतरतं. सिलिंडर चार, म्हणून जेटही चार.

"मग मोठ्या भोकाचेच घेऊ ना," आबा म्हणाले होते. "भरपूर तेल, भरपूर गार."

"घरात खालचे चारही नळ पूर्ण सोडले तर वरच्या मजल्यावर आंघोळ होते का?" मिस्त्रींनी विचारलं. "तसंच आहे. सगळं तेल पिस्टनलाच गेलं तर बाकीचं इंजिन कोरडं पडेल. मध्यम भोकाचे आणा. झडपेचे. तेलाला जोर आला की मगच उघडतात ते."

आबांना हे पटलं. त्यांना पटलं नाही ते दुकानदाराचं वागणं. आबांनी मुद्दाम मिस्त्रींचं नाव न घेता विचारलं, तरी दुकानदार पट्‌कन म्हणाला, "मध्यम भोकाचे घ्या काका, झडपेचे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"मला काय हवंय ते."

"तुम्ही आत्ताच नाही का इंजिन सांगितलंत?"

आबांनी पैसे मोजून सीलबंद डबी घेतली, पण ते आतून सावध झाले. दोघंही तेच सांगतात म्हणजे दोघांचं संगनमत असणार. दोघांनी वेगळं सांगितलं असतं, तर एक जण नक्की खोटारडा ठरला असता. आबांच्या या हिशेबातून सुटायची वाट कुणालाच नव्हती.

वाटेत मिस्त्रींनी डबी गॅरेजच्या आत नेऊन उघडून पाहिली होती, पण आबांनी ती तिथे न ठेवता घरी आणली. आता घरी, टेबलाशी, त्यांना सगळं लख्ख दिसू लागलं. दुकानदार चांगला माल देणार, मिस्त्री तो काढून ठेवणार, इंजिनात जुना बसवणार आणि झाकण लावलं की कुणाला काय दिसतंय! यावर स्टोअरमधला एकच उपाय होता, तो म्हणजे खूण. पण खूण उघड्यावर केली, तर मिस्त्री तश्शीच जुन्या जेटवर करणार. खूण अशा जागी हवी, की तिथे कुणी बघणारच नाही.

आबांनी सुनेच्या ड्रॉवरमधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक जेटच्या अगदी टोकाशी, तेल बाहेर पडतं त्या भोकाच्या आतल्या कडेला, काडीने एकेक ठिपका दिला. तीन ठिपके छान बसले. चौथ्या वेळी मागून सुनेची हाक आली, "आबा, टेबल मोकळं करता का?" आणि काडी जरा जास्तच आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले. पिस्टन अजून आत गेले नव्हते. इंजिनाचा रिकामा ठोकळा स्टँडवर उभा होता आणि त्याच्या चार सिलिंडरच्या विहिरी वर आ वासून होत्या. मिस्त्रींनी तळाशी जेट बसवले, तेलाच्या बाकीच्या वाटा बुचांनी बंद केल्या आणि हातपंप जोडला.

"हे कशाला?" आबांनी विचारलं.

"झाकायच्या आधी बघायला."

"तुम्हाला मालाचा संशय आहे?"

"मला सगळ्याचाच असतो," मिस्त्री म्हणाले. आबांना पहिल्यांदाच हा माणूस जरा बरा वाटला.

मिस्त्रींनी पंप मारला. पहिल्या विहिरीतून तेलाची धार सरळ वर आली. दुसरीतून आली. तिसरीतूनही आली. चौथीतून काहीच आलं नाही. आणखी जोर लावला, तेव्हा कुठे आत एक थेंब गळल्याचा आवाज झाला.

"बघितलंत?" आबा खुर्चीतून उठलेच. "मी म्हणतच होतो! कुठेतरी पाणी मुरतंय!"

मिस्त्रींनी फोन लावला आणि दहा मिनिटांत दुकानदार धापा टाकत आला. पाठोपाठ लॅबमधून सूनही आली, कारण तिला आबांनी बोलावलं होतं. साक्षीदार म्हणून.

"बंद जेट देतोस?" मिस्त्री म्हणाले. "वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी तुझं!"

"डबी सील होती माझी! तुझ्याच हाताचा कचरा गेला असेल आत."

"माझ्या हाताचा? इथे जमिनीवर जेवलास तरी चालेल."

"वीस वर्षांत चहा सोडून काही दिलं नाहीस, जेवायला कसला घालतोस!"

मिस्त्रींनी हातातला पाना टेबलावर आदळला. "बास. तुझ्या दुकानातला एक स्क्रूसुद्धा नको मला. आणि हे इंजिनही नको. ताई, दुसरा माणूस बघा."

सुनेचा चेहरा उतरला. शुक्रवारच्या आत हे काम करणारा दुसरा माणूस आणायचा कुठून? आबांना आता या भांडणाची मजा वाटेना. निदान दोषी कोण ते तरी ठरवावं, म्हणून त्यांनी तो जेट काढायला लावला आणि भिंग लावून भोकात पाहिलं.

आत लाल दिसलं.

आबांनी भिंग हळूच खिशात टाकलं. "अंधार आहे," ते म्हणाले. "काही दिसत नाही."

"द्या इकडे." सुनेने भिंग त्यांच्या खिशातून काढून घेतलं. दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघणाऱ्या डोळ्यांना कसला अंधार! "लाल आहे काहीतरी. चकचकीत. अगं बाई... हा तर माझा रंग!"

जेट धरलेल्या तिच्या बोटांकडे मिस्त्रींनी पाहिलं, मग दुकानदाराने पाहिलं. पाचही नखं त्याच रंगाची होती.

"ताई," मिस्त्री अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "शर्यतीत उतरायचं नव्हतं, तर तसं सांगायचं."

"मी? मी कशाला माझंच इंजिन बिघडवू?"

"भीती वाटते एकेकाला," दुकानदार समजुतीने म्हणाला. "त्यात लाज कसली?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. संशय दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कसा लागतो, हे आबांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

"मी केलं ते," ते म्हणाले. "खूण केली. मिस्त्री जेट बदलतील असं वाटलं. तिचा यात काही संबंध नाही."

सून आबांकडे बघत राहिली. मिस्त्री मात्र जमिनीकडे बघत होते.

"बुडाशी एक टोचा दिसेल, सुईएवढा खड्डा," ते अखेर म्हणाले. "तो माझा. तुम्ही डबी उघडून बघता बघता माल बदलून आणाल, असं वाटलं होतं. म्हणून तुम्ही घरी नेण्याआधीच इथे मारला."

"निळा ठिपका माझा आहे," दुकानदार खाकरला. "जुना माल माझ्याच माथी परत मारतात लोक. डबीला सील लावायच्या आधीच देतो मी."

सुनेने भिंगातून पाहिलं. टोचा होता, निळा ठिपका होता आणि लाल तर होतंच.

"करंगळीएवढी वस्तू," ती म्हणाली, "आणि तिच्यावर तेलाला जागा सोडून सगळं आहे! तिघंही मागे व्हा. हात मागे बांधा."

तिघंही निमूट मागे सरले. सुनेने चारही जेट थिनरमध्ये बुडवले, बारीक तारेने साफ केले, हवा मारली आणि स्वतःच्या हाताने बसवले. मिस्त्रींनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी तिने पंपाचा दांडा धरला.

"झाले साफ. चारही चालणार."

"चालतील, चालतील," आबा म्हणाले. "आमचा पूर्ण विश्वास आहे."

"पूर्ण," मिस्त्री म्हणाले.

"शंकाच नाही," दुकानदार म्हणाला.

आणि एवढं बोलून तिघंही एकाच वेळी पुढे झाले आणि एकेका विहिरीत डोकावून पाहू लागले.

सुनेने दांडा दाबला. मग तिने तेलाने निथळणारे तिन्ही चेहरे शांतपणे मोजले, मान वर करून छतावरचा ताजा डाग पाहिला आणि म्हणाली, "चार."